सात नंबरचा आचारी

भांडण एका शब्दावरून सुरू झालं, आणि तो शब्द मराठी होता. इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या एका चर्चच्या आवारात पुरलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकासाठी दोन मराठी माणसं तीन आठवडे फोनवर भांडत होती, हे कुणाला खरं वाटणार नाही. म्हणून सुरुवातीपासून सांगते.

बेसिंगस्टोकपासून गाडीनं वीस मिनिटांवर एक खेडं आहे. तिथल्या चर्चच्या मागे अकरा पांढऱ्या शिळा एका रांगेत उभ्या आहेत, प्रत्येकीवर ऑस्ट्रेलियन फौजेचं उगवत्या सूर्याचं चिन्ह. पहिल्या महायुद्धात जवळच ऑस्ट्रेलियन सैन्याची छावणी होती. पंचवीस एप्रिलला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांच्या स्मरणदिनी, गावातली मंडळी तिथं फुलं ठेवतात. आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम त्याच चर्चच्या हॉलमध्ये होतात. सहा वर्षांपूर्वी त्या दिवशी पार्किंगचा घोळ झाला, तेव्हा मी चर्चला तक्रारीची ईमेल पाठवली आणि सोबत सुधारलेला नकाशा जोडला. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला समितीवर घेतलं. या देशात तक्रार नीट लिहिली की काम गळ्यात पडतं.

माझ्याकडे यादी आली. अकरा कबरी, अकरा ओळी: नाव, वय, तुकडी, जन्मगाव, मृत्यूचं कारण, नातेवाईक सापडले का. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून त्या लिहून ठेवते, आणि त्या लिहू नकोस म्हणून लोक मला विनवतात. त्यामुळे रिकामा रकाना मला दातात अडकलेल्या तंतूसारखा छळतो. सैनिकांची जुनी कागदपत्रं आता ऑनलाइन मिळतात. दोन हिवाळ्यांत मी सगळे रकाने भरले.

आणि तिथून कटकट सुरू झाली. कारण कार्यक्रमाला येणारा प्रत्येक माणूस ऑस्ट्रेलियन सैनिक आधीच ओळखून असतो. तो सहा फूट उंच, कुणाच्या बापाला न भिणारा, इंग्रज अधिकाऱ्याला सॅल्यूट न ठोकणारा, सुट्टीत दंगा आणि लढाईत वाघ. समितीच्या फलकावर 'निर्भय' हा शब्द दोनदा आहे. माझ्या यादीत मात्र अकरांपैकी आठ जण न्यूमोनियानं गेलेले. एक मोटरसायकलवरून पडून. दोघेच फ्रान्सहून जखमी होऊन आलेले. उंचीही कागदावर आहे, सहा फूट एकही नाही. मी हे दर बैठकीत सांगायचे. "व्हेरी इंटरेस्टिंग," म्हणायचे सगळे, आणि बिस्किटांकडे वळायचे.

यंदा ही गोष्ट घरात आली. माझा जावई ऑस्ट्रेलियन. ब्रॅकनेलला एका कंपनीत तो आणि माझी मुलगी एकत्र काम करत होते, तिथंच जमलं. लग्नानंतर वर्षभरानं बोलता बोलता तो म्हणाला की त्याच्या आजोबांचे मोठे भाऊ इंग्लंडमध्येच कुठंतरी पुरलेत. त्यानं आडनाव सांगितलं आणि मी यादी उघडली. सात नंबर. मला इतका आनंद झाला की 'नातेवाईक' या रकान्यात मी त्याच क्षणी 'जावई' असं लिहिलं.

त्यानं वडिलांना कळवलं, आणि माझ्या व्याह्यांनी एप्रिलचं तिकीट काढलं. वय एकोणऐंशी. पत्नी गेल्यापासून एकटेच, मेंढ्यांच्या मुलखातल्या लहानशा गावात राहणारे. हा आपला शेवटचा विमानप्रवास, असं त्यांनी आल्या आल्याच जाहीर केलं. गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. माझ्या इथं जन्मलेल्या मुलीला ते 'पॉम' म्हणायचे. तिकडं इंग्रजांना चिडवायचा तो शब्द.

"आमच्या घराण्यात पहिली पॉम आली ती तू," ते तिला म्हणायचे. "आणि तीही मराठी निघाली. देव दयाळू आहे."

मुलगी हसायची. मीही हसले. माणूस मजेचा होता.

पण ते फक्त फुलं वाहायला आले नव्हते. त्यांच्या गावच्या हॉलमध्ये लाकडी फलक आहे, महायुद्धावर गेलेल्या पोरांच्या नावांचा. जे परत आले नाहीत त्यांच्या नावापुढं सोनेरी क्रूस कोरलेला. यांच्या काकांचं, म्हणजे सात नंबरचं, नाव आहे, पुढं क्रूस नाही; तो लढाईत पडलेल्यांनाच, असं जुन्या समितीचं म्हणणं. त्यांच्या वडिलांनी जन्मभर हॉलच्या समितीला पत्रं लिहिली, नंतर यांनी लिहिली. आता नव्या समितीनं सांगितलं होतं की कबर जिथं आहे तिथून, मृत्यू कसा झाला याचं एक सहीचं पत्र आणा, मग बघू. यादी माझ्याकडे, म्हणून पत्र माझ्याकडे.

"दोन ओळी पुरेत," व्याही म्हणाले. "फ्रान्समध्ये गोळी लागली, इथल्या इस्पितळात गेला."

मग त्यांनी घरात चालत आलेली गोष्ट सांगितली. काकांनी एका इंग्रज मेजरला सॅल्यूट नाकारला, आठ दिवस कोठडीत बसले, सुटल्यावर थेट खंदकात. दोन मित्रांना ओढत आणलं, तिसऱ्याला आणताना गोळी लागली. ते सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं सातवी ओळ होती. वय तेवीस. छावणीत आचारी. फ्रान्सला गेल्याची नोंद नाही. शिस्तभंगाची एकच नोंद: स्वयंपाकघरातला एक मोठा डाव हरवला. मृत्यू छावणीच्या इस्पितळात, न्यूमोनिया. जन्मगाव मँचेस्टर.

मी म्हटलं, "कागद बघून सांगते." तो माझा भित्रेपणा होता.

त्याच आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. हे निवृत्त बँक मॅनेजर, मुलाकडे राहायला आलेले, मराठीवर जिवापाड प्रेम. चर्चनं यंदा मंडळाला कबरीजवळ चार ओळी मराठीत वाचायला बोलावलं होतं. सात नंबर म्हणजे आमच्या घरचे सोयरे, म्हणून त्याच्याबद्दलच वाचायचं ठरलं. मसुदा त्यांनी फोनवर वाचून दाखवला. तिसऱ्या ओळीत होतं, 'परक्या भूमीवर धारातीर्थी पडले.'

"भाऊजी, धारातीर्थी काढा," मी म्हटलं.

"का बरं?"

"धारातीर्थ म्हणजे तलवारीच्या धारेचं तीर्थ. हा माणूस खाटेवर गेला. तापानं."

"मग काय लिहू? वारले? पेपरातल्या निधनवार्तेसारखं?"

"मरण पावले लिहा."

"मरण पावलेल्यांना कोण फुलं वाहतं, वहिनी? युद्धाच्या काळात, युद्धाच्या वेशात गेला, तो धारातीर्थीच. आपण लढवय्यांची जात. हा मान आपल्याला नाही कळायचा तर कुणाला?"

"तुम्ही बँकेत होतात."

"मार्चएंड बघितलाय का कधी?"

मला हसू आलं, तिथंच मी हरले. नंतर तीन आठवड्यांत मी त्यांना पर्याय पाठवत राहिले. 'कामी आले' चालेल का? नाही, तेही लढाईतलं. 'सेवेत असताना निधन'? ते म्हणाले हे नगरपालिकेच्या शोकसभेसारखं वाटतं. शेवटी म्हणाले, "वहिनी, तुम्ही एक्सेल सांभाळा, मराठी माझ्यावर सोडा." दुसऱ्या दिवशी साठ पत्रकं छापून आली. धारातीर्थी ठळक अक्षरात.

खरं तर अध्यक्षांवर माझा राग नव्हता. शब्द सुंदर आहे, मलाही आवडतो. माझा संताप असा, की अकरा माणसांची अकरा निरनिराळी मरणं मी महिनोन्‌महिने शोधून काढली आणि प्रत्येक जण त्यांच्यावर तोच एक गणवेश चढवत होता. इंग्रज 'निर्भय' म्हणतात, आमचे 'धारातीर्थी' म्हणतात, व्याही मेजरची गोष्ट सांगतात. पाचशे माणसांची लापशी ढवळणारा पोरगा कुणालाच नको.

शेवटी रविवारी जेवणानंतर मी फाइल टेबलावर ठेवली. नवरा म्हणाला, "अगं, आधी श्रीखंड तरी वाढ." मी श्रीखंड वाढलं आणि मग व्याह्यांना सगळं सांगितलं. आचारी. डाव. न्यूमोनिया. मँचेस्टरपर्यंत पोचलेच नाही, कारण न्यूमोनियालाच त्यांनी चमचा खाली ठेवला.

"हे किती जणांना सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"समितीला माहीत आहे. कुणी लक्ष देत नाही."

"तिकडं देतील."

जावई म्हणाला, "डॅड, फ्लूनं हजारो गेले. त्यात लाज कसली?"

"तुला कुणी शिंकून दाखवलंय?" व्याही त्याच्यावर ओरडलेच. मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं. भाऊ गेल्याची तार आली तेव्हा त्यांचे वडील अकरा वर्षांचे होते. शाळेत ते वर्गात शिरले की मुलं शिंकायची. एक शिंकला की सगळा वर्ग. ज्यांचे भाऊ गॅलिपोलीला, फ्रान्सला पडले होते, ती मुलं सगळ्यांत जोरात. "वडील म्हणायचे, पोरं खोटारडी होती. गोळीच लागली होती."

अकरा वर्षांच्या पोरानं वर्गात रचलेली ती गोष्ट एकोणऐंशी वर्षांचा माणूस माझ्या टेबलाशी बसून सांभाळत होता. मला ते दिसत होतं, आणि तरीही माझ्या तोंडून निघालं, "पत्रात मी खोटं लिहू शकत नाही. पण खरं लिहिलं तरी क्रूस मिळायला हवा. तो सैन्यात होता, सैन्यातच गेला. तुमच्या समितीचीच चूक आहे, आणि ती मी लिहून देईन."

"न्यूमोनियाचा क्रूस," ते म्हणाले, आणि उठून खोलीत गेले. श्रीखंड तसंच.

भांडी आवरताना मुलगी माझ्यावर तुटून पडली. "आई, तुझा लिस्ट बंद कर ना एकदा! तो म्हातारा झाली आहे, त्याला हवं ते लिहून दे."

"झाला आहे."

"व्हॉटएव्हर! तू आत्ता पण करेक्ट करतेस! तिथं कोण चेक करणार आहे?"

"मी."

"यू आर इम्पॉसिबल," म्हणून तिनं ओला टॉवेल सिंकमध्ये फेकला. तो सिंकमध्ये ठेवायचा नसतो, पण तेवढं मी बोलले नाही.

पुढचे चार दिवस व्याही माझ्याशी फक्त हवामानावर बोलले. मीही पत्राचा विषय काढला नाही, पण पत्र लिहून ठेवलं. एक पान, सहा वाक्यं, प्रत्येक वाक्याला आधार.

पंचवीस एप्रिलला वारा असा होता की पत्रकं उडून शेजारच्या शेतात गेली. चर्चचा कार्यक्रम नेहमीसारखा झाला. मग अध्यक्ष सात नंबरच्या शिळेपाशी उभे राहिले. कोटावर मफलर, हातात कागद. माणसाचा आवाज चांगला आहे, हे मान्य करावंच लागेल. तिसऱ्या ओळीला तो असा चढला की मराठी न कळणाऱ्या इंग्रज बायकाही ताठ झाल्या. व्याह्यांनी टोपी काढून छातीशी धरली.

संपल्यावर ते माझ्याकडे वळले. चार दिवसांत पहिल्यांदाच हवामान सोडून. "तो जिथं ओरडला, तिथं काय होतं?"

मी शब्दाचा अर्थ सांगितला. तलवारीच्या धारेचं तीर्थ, तिथं तो पडला.

"तुम्हाला हा शब्द नको होता म्हणे. सून सांगत होती."

"हो."

"मग तुमच्या भाषेत खाटेवर मेलेल्याला काय म्हणतात?"

"मरण पावला. म्हणजे, शब्दशः, त्याला मरण मिळालं. लाभलं."

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "बक्षीस काही खास नाही," म्हणाले. मग तोंडातल्या तोंडात काकांना नावानं हाक मारली, घरातलं लाडाचं नाव असावं, आणि फुलं ठेवली. त्यांना खाली वाकता येईना, म्हणून जावयानं दंड धरला.

परत येताना गाडीत ते माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "तुमचं पत्र दाखवा."

घरी पोचल्यावर टेबलावर मी पान ठेवलं. बाकीचे चहाला स्वयंपाकघरात. त्यांनी चष्मा लावला आणि एक एक वाक्य बोट ठेवून वाचलं. आचारी या शब्दापाशी बोट थांबलं. "डाव हरवल्याचं नाही लिहिलंत."

"ते गरजेचं नव्हतं."

"लिहा. त्याच्या हातून सरकारची तेवढी एक गोष्ट गेली, हे तरी कळू दे त्यांना." आणि ते हसले, खरंच हसले. मला वाटलं, संपलं. न्यूमोनिया त्यांनी मान्य केला होता. तीन आठवडे ज्यासाठी मी सगळ्यांशी वाकडं घेतलं, ते झालं होतं.

मग बोट दुसऱ्या वाक्यावर गेलं. जन्म मँचेस्टर, सतराव्या वर्षी कुटुंबासह ऑस्ट्रेलियात.

"हे काढा."

"पण हे खरं आहे."

"खरं आहे ना, म्हणूनच काढा." त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "न्यूमोनिया चालवून घेतील. आचारीही चालवून घेतील, पोटाला सगळ्यांनाच लागतं. मँचेस्टर नाही चालणार. तुम्हाला माहीत नाही आमचं गाव. त्या फलकावर पॉम?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात तो हिशेब झाला, जो मी दोन हिवाळे यादी हाताळूनही केला नव्हता. कुटुंबासह. धाकटा भाऊ तेव्हा पाच वर्षांचा असणार.

"तुमचे वडीलसुद्धा," मी म्हटलं.

"ते गेले तेव्हा कपाटात दाखला सापडला. बायकोला सांगितलं होतं. मुलाला नाही." ते माझ्याकडे रोखून बघत होते, विनवणी अजिबात नव्हती. "सगळा जन्म मी पॉमांची टिंगल केली. तुमच्या मुलीचीसुद्धा. आता या वयात काय सांगू?"

मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. तीस वर्षं मी या देशात आहे. अजूनही लोक विचारतात, हो, पण मूळची कुठली? मी दर वेळी सांगते, सातारा, आणि मग सातारा कुठं ते सांगते. कितीदा वाटलं, नुसतं बेसिंगस्टोक म्हणावं आणि मोकळं व्हावं. कधी म्हटलं नाही. आणि हा माणूस मला म्हणत होता, ते एक गाव खोडून टाक.

पत्रात काकांचं जन्मगाव कुणी विचारलं नव्हतं. न विचारलेलं न सांगणं म्हणजे खोटं नव्हे. हे वाक्य मी मनात अगदी अध्यक्षांच्या चालीत म्हटलं, आणि ते माझं मलाच कळलं.

मी लॅपटॉप उघडला. वाक्य निवडलं, खोडलं, डावाचं वाक्य घातलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. एका शब्दासाठी मी तीन आठवडे भाऊजींचा जीव खाल्ला होता, आणि अख्खं शहर एका बोटानं काढून टाकलं. प्रिंटर आवाज करत असताना मुलगी चहा घेऊन आली.

"झाला पत्र?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हटलं. ती सुधारणा आहे की उत्तर, हे तिला कळलं नसावं.

व्याह्यांनी पान घेतलं, माझ्या सहीवर फुंकर घातली, शाई वाळलेली असूनही. तिला म्हणाले, "ये, पॉम, बस इथं," आणि माझ्याकडे न बघता शेजारची खुर्ची ओढली.